शाळेची भिंत

आमच्या सीमाभागातील सर्वांत देखणी भिंत कोणती, असे कोणी विचारले तर आम्ही राजवाड्याकडे बोट दाखविणार नाही. ती भिंत एका विद्यालयाची आहे. बहामनी राज्याचा वजीर महमूद गवान याने बीदर शहरात बांधविलेला मदरसा इ. स. १४७२ मध्ये पुरा झाला. सतराव्या शतकाच्या अखेरीस तोफेच्या दारूचा स्फोट होऊन दर्शनी बाजूचा मोठा भाग कोसळला. तरीही उरलेल्या मनोऱ्यावर निळ्यापांढऱ्या झिलईदार फरश्यांची नागमोडी नक्षी आहे, आणि भिंतीवर अक्षरांची पट्टी आहे. आम्हांस अरबी वाचता येत नाही. पण ती अक्षरे मन लावून लिहिलेली आहेत एवढे कळावयास अरबी यावी लागत नाही.

याच्या शेजारी आजच्या शाळांच्या भिंती आठवून पाहाव्यात. कमरेएवढा गडद तैलरंगाचा पट्टा, वर फिकट रंग, आणि मध्ये घाईघाईने रंगविलेला सुविचार! सुविचार शुद्ध आचरणाचा असतो आणि त्यातील ऱ्हस्वदीर्घ मात्र अशुद्ध असतात. वर्गात लेखनाच्या चुकांवर तांबडी रेघ ओढणारे आम्ही सर्व जण त्याच भिंतीखालून रोज निमूटपणे जातो.

भिंत सजविण्यास पैसा लागतो, असे कोणी म्हणेल. काही अंशी ते खरे आहे. बीदरच्या किल्ल्यातील रंगीन महालात, सोळाव्या शतकातील अली बरीदशाहाच्या काळी, काळ्याभोर दगडात शिंपले जडविले गेले. ते राजाचेच काम. परंतु त्यातील विवेक गरिबालाही घेता येण्याजोगा आहे. तेथे शिंपल्याचे काम भिंतभर पसरलेले नाही. ते दाराभोवती, जेथे नजर थांबते तेथे आहे. काळ्यावर चमकणारी मोजकी पांढरी रेघ, हीच बिदरी कामाचीही शोभा. जस्त व तांबे यांच्या ओतीव भांड्यावर चांदी जडवून किल्ल्यातील माती व नवसागर यांनी ते काळे करतात, तेव्हाच ती चांदी उठून दिसते.

आता आमच्या घरांत विटांचे चित्र छापलेले प्लॅस्टिकचे कागद भिंतीला चिकटविण्याची हौस आली आहे. आत खरा जांभा दगड, बाहेर विटेचे चित्र! आम्हांस नव्याचा मुळीच राग नाही. तैलरंग पुसता येतो. चुना कपड्यांना लागतो आणि वरचेवर नव्याने द्यावा लागतो, हे आम्ही जाणतो. सिमेंटच्या कोरड्या भिंतीवर काय लावावे, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. पण जुन्या दगडामातीच्या भिंतीची गोष्ट निराळी. ती जमिनीतून ओल ओढते. चुन्यातून ती ओल बाहेर पडते. तैलरंग अथवा प्लॅस्टिक तिची वाट अडविते. मग फुगे येतात, पोपडे सुटतात, आणि ते झाकण्यासाठी आणखी एक चित्रांचा कागद आणला जातो. दिवाळीपूर्वी किंचित नीळ घातलेला चुना देणाऱ्या आमच्या आज्यांना हे शास्त्र माहीत असो वा नसो, भिंत मात्र कोरडी राहत असे.

अष्टूर येथे अहमदशाह वलीच्या कबरीच्या घुमटात पंधराव्या शतकातील रंगकाम आहे. तेथील उरुसाला हिंदू व मुसलमान दोघेही जातात. अशा ठिकाणी स्वतःचे नाव खरडणारे महाभागही भेटतात! १९५८ च्या कायद्यानुसार, २०१० मधील दुरुस्तीनंतर, संरक्षित वास्तू विद्रूप करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. ज्यांना भिंतीवर लिहिण्याची एवढी ओढ आहे, त्यांना लिहावयास एक भिंत द्यावी, असे आमचे मत आहे.

ती भिंत शाळेच्या सभागृहाची असावी. सुटीत तिचे पोपडे काढून तिला स्वच्छ चुना द्यावा. बाकी भिंत कोरीच ठेवून वरच्या बाजूस एकच पट्टी काढावी: तीत एक वाक्य देवनागरीत आणि तेच कन्नड लिपीत, कारण १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून या दोन्ही लिपी आमच्या मुलांच्या दप्तरात एकत्र नांदत आहेत. चित्रकलेच्या शिक्षकांनी दोरी धरून मापे घालून द्यावीत, भाषाशिक्षकांनी ऱ्हस्वदीर्घ तपासावेत. वाक्य कोणते असावे यावर विद्यार्थ्यांनी खुशाल महिनाभर वाद घालावा. तोवर चुना चांगला मुरेल.