हजेरी फक्त मेलेल्यांची?

उभी हयात मी वर्गाची हजेरी मांडण्यात घालवली. त्यामुळे असेल, पण एक प्रश्न मला छळतो. आपल्या समुद्रातल्या डॉल्फिनची, देवमाशांची हजेरी आपण ते मेल्यावरच का मांडतो?

जून 2015 मध्ये रेवदंड्याला निळा देवमासा किनाऱ्याला लागला. नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूत रुतलं. लोकांनी जिवाचं रान केलं, पण ते वाचलं नाही. दोन्ही वेळा गर्दी, फोटो, बातम्या, आणि आठवड्याभरात सगळं शांत! ते जिवंत असताना कुठे होते, किती होते, हे विचारणारे मूठभरच. सिंधुदुर्गात काही तरुण संशोधकांनी होडीतून फिरून, डॉल्फिनच्या पाठीवरच्या पराचे फोटो काढून, खाचांवरून एकेक डॉल्फिन ओळखायचं काम केलं. त्यांचं कौतुकच आहे.

पण आमच्या गव्हाणजवळच्या पाण्याचं काय? 1989 मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, 2024 मध्ये अटल सेतू. गाळ उपसला गेला, खांब रोवले गेले, जहाजं वाढली. मुंबईच्या किनाऱ्यालगत दिसणारा हम्पबॅक डॉल्फिन हा उथळ पाण्यातला, कानाने जगणारा प्राणी. प्रतिध्वनीवरून तो मासा शोधतो. या गोंगाटात त्याचं काय झालं? आधीची नोंदच नसेल तर उत्तर कुठून आणणार?

काहीजण म्हणतील, हे शास्त्रज्ञांचं काम. अहो, शास्त्रज्ञ महिन्यातून किती दिवस येणार? आमचे कोळी-आगरी बांधव भरती-ओहोटी बघून रोज पाण्यात असतात. तारीख, वेळ, जागा, किती दिसले, सोबत पिल्लू होतं का, एवढं लिहायला पदवी लागत नाही. आणि एकही दिसला नाही तर तेही लिहायचं. गैरहजेरी मांडल्याशिवाय हजेरीला अर्थ नसतो.

मात्र 'स्वयंसेवक' म्हणून त्यांना फुकट राबवू नका. जाळ्यात सापडलेला संरक्षित प्राणी सोडण्यासाठी जाळं कापलं, तर भरपाई देण्याची योजना सरकारने 2018 मध्ये आणली, 25 हजार रुपयांपर्यंत. जाळ्याला किंमत आहे, मग नजरेला का नाही? आणि वहीवर नावही त्यांचंच हवं.

1984 मध्ये जासईच्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले. जमीन आमची आहे हे सांगायला तेव्हा निदान सातबारा होता. डॉल्फिनकडे तोही नाही. उद्या कुणी अहवालात 'येथे आढळत नाहीत' असं लिहिलं, तर खोडून काढायला आपल्या हातात काय आहे?

जेट्टीवर एक वही दोरीने बांधून ठेवा. पानं आखून द्यायला मी तयार आहे. रेघा मारायची सवय अजून गेलेली नाही.