वऱ्हाडांतील संशोधन कोणासाठीं?

अमरावतीचें विद्यापीठ १९८३ सालीं निघालें; अकोल्याचें कृषि विद्यापीठ त्याच्या चौदा वर्षें आधीं, १९६९ सालीं. अमरावतीचें सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय तर १९६४ पासूनचें. तेव्हां शास्त्र किंवा यंत्रविद्या यांत पदवीनंतर संशोधन करूं पाहणाऱ्या वऱ्हाडी तरुणास नागपूर-मुंबईची वाट धरलीच पाहिजे, अशी स्थिति आतां राहिलेली नाहीं. ही गोष्ट आनंदाची खरी. परंतु त्या संशोधनाचें पुढें होतें काय, असें कोणी विचारल्यास समाधानकारक उत्तर देणें कठीण आहे.

पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्टाच घ्या. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यांत विहीर खोदावी तों खारें पाणी लागतें. तें माणसाच्या उपयोगाचें नाहीं आणि पिकाच्याही नाहीं. शेतास दिलें तर त्यांतील सोडियम काळ्या मातीची घडण मोडून टाकतो, निचरा बंद पडतो, आणि चांगली जमीन पावसाळ्यांत चिखल व उन्हाळ्यांत दगड होऊन बसते. जिप्सम, निचऱ्याचे चर, शेततळें हे उपाय कृषिशास्त्रास ठाऊक आहेत. पण कोणत्या शेतांत जिप्सम किती, चर किती अंतरावर, तळें कोठें, हें ठरविण्यास रसायनशास्त्राचा विद्यार्थी हवा, भूगर्भशास्त्राचा हवा, स्थापत्याचाही हवा. या तिघांची गांठ पडते कोठें? अमरावती आणि अकोला यांत अंतर सुमारें शंभर किलोमीटरांचें. दोन विद्यापीठांत मात्र तें त्याहून अधिक आहे, असें आम्हांस वाटतें.

उपयोगी संशोधन होतच नाहीं, असें आमचें म्हणणें नव्हे. अकोल्याच्या कृषि विद्यापीठानें तयार केलेल्या लहान डाळगिरणीमुळें तुरीची डाळ गांवांतल्या गांवांत करतां येऊं लागली. तिच्यावर निबंध कोणत्या नियतकालिकांत छापला, हें कोणा शेतकऱ्यानें विचारल्याचें ऐकिवांत नाहीं!

उलट २०१७ सालीं आपल्याच यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक माणसें दगावलीं. ऑक्टोबरच्या उन्हांत अंगावर सोसवेल असा पोशाख, फवारा वाऱ्याबरोबर तोंडावर येऊं न देणारा पंप, हे यंत्रशास्त्राच्या प्रबंधास योग्य विषय नव्हेत काय?

यांत विद्यार्थ्यांस दोष देणें अन्यायाचें होईल. प्राध्यापकाच्या जागेसाठीं पदवी हवी आणि पदवीसाठीं छापील निबंध हवा, या चरकांत तो पिळून निघत असे. पैसे घेऊन वाटेल तें छापणाऱ्या नियतकालिकांचा धंदा त्यावरच फोफावला. प्रबंधापूर्वीं निबंध छापण्याची ती सक्ति विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२२ च्या नियमांत काढून टाकली. मग मोकळा झालेला वेळ शेताच्या बांधावर कां जाऊं नये?

आमच्या सूचना मोठ्या खर्चाच्या नाहींत. खारपाण, कपाशी व तूर यांवरील प्रबंधास दोन्ही विद्यापीठांतून एकेक मार्गदर्शक असावा. प्रबंध आज ‘शोधगंगा’ या भांडारांत सर्वांस खुले असतात हें उत्तमच. पण शास्त्रविषयांतील प्रबंध बहुतेक इंग्रजींत, आणि दर्यापूरच्या शेतकऱ्यास त्याचा उपयोग काय? सबब प्रत्येक प्रबंधाबरोबर दहा पानांचा मराठी सारांश सक्तीचा करावा, व तो ज्या तालुक्यांतील माती-पाण्याचे नमुने नेले त्या तालुक्यांत विद्यार्थ्यानें स्वतः वाचून दाखवावा. लोकांनीं प्रश्न विचारावे, त्यानें उत्तरें द्यावीं. यास नवा कायदा लागत नाहीं. दोन कुलगुरूंची एक बैठक पुरे. ती पुढील प्रवेश सुरू होण्यापूर्वीं भरावी.