पिवळ्या जर्सीतला बीडकर

आयपीएल सुरू झाली की बीडच्या चहाच्या टपऱ्यांवर दरसाल एक खटला उभा राहतो. आरोपी म्हणजे चेन्नईची पिवळी नाहीतर बंगळुरूची लाल जर्सी घातलेला एखादा पोरगा. फिर्यादी त्याच्या काकाच्या वयाचे. "आपली मुंबई सोडून त्या मद्रासवाल्यांचं काय कौतुक रं? खातो इथलं आन् गातो तिथलं!" पोरगा हसून वेळ मारून नेतो आणि त्याचं हसणं गुन्ह्याच्या कबुलीत जमा होतं. या खटल्यात मला पोराचं वकीलपत्र घ्यायचं आहे.

फिर्यादीची बाजू आधी नीट मांडली पाहिजे, कारण ती अगदीच पोकळ नाही. ती अशी : गाव आपण निवडत नाही, ते जन्मानं मिळतं आणि त्यासोबत गावाचा संघही पदरात पडतो. चाहत्याला निवडीची मोकळीक दिली की तो जिंकणाऱ्याच्या दारात जाऊन उभा राहतो. हरणाऱ्या घरच्या संघासोबत जो थांबतो तोच खरा. आणि घरच्यांनीच पाठ फिरवली तर लहान गावांचे संघ जगायचे कशावर?

आता बीडचा 'घरचा संघ' कोणता ते ठरवू. आयपीएलमध्ये बीडचा संघ नाही, मराठवाड्याचाही नाही. मग महाराष्ट्राचा म्हणून मुंबई. पण बीडहून मुंबई रस्त्यानं चारशे किलोमीटरच्या आसपास, आणि हैदराबादही जवळपास तेवढंच. मातीचाच हिशेब काढायचा तर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत इथं निजामाचा अंमल होता आणि १९५६ ची राज्य पुनर्रचना होईपर्यंत बीड हैदराबाद राज्यातच होतं. ज्यांच्या आजोबांची राजधानी हैदराबाद होती, त्यांनी सनरायझर्सची नारिंगी जर्सी घालावी असं टपरीवरचा कोणता काका सांगतो? रणजी करंडकाचं पाहिलं तर राज्य एक आणि संघ तीन : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. बीड येतं महाराष्ट्राच्या संघात. म्हणजे रणजीत मुंबई हा आपल्यासाठी परका संघ, प्रतिस्पर्धी. मार्चमध्ये परका असलेला तो एप्रिलमध्ये मातीचा कसा होतो, हे फिर्यादीनं सांगावं. महाराष्ट्राच्या संघानं रणजी करंडक जिंकला तो १९३९-४० आणि १९४०-४१ साली. त्यानंतरच्या इतक्या वर्षांच्या कोरड्या काळात या संघासाठी रडलेला फिर्यादी मला तरी भेटलेला नाही. घरच्या संघाशी निष्ठा हीच कसोटी असेल, तर तिच्यात आधी फिर्यादीच नापास होतात.

मग पुणे? पुण्याला संघ मिळाला आणि गेला, असं दोनदा झालं. पुणे वॉरियर्स २०११ ते २०१३ आणि रायझिंग पुणे २०१६ व २०१७. यातलं २०१६ साल आपल्याला विसरता येणार नाही. मराठवाडा दुष्काळानं होरपळत होता, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागत होतं, बीडच्या वाड्यावस्त्यांवर टँकरची वाट पाहिली जात होती. खेळपट्ट्यांवर मारल्या जाणाऱ्या पाण्याचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला आणि १३ एप्रिलला न्यायालयानं सांगितलं, की ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या. पुण्याचा संघ मग 'घरचे' सामने खेळायला विशाखापट्टणमला गेला. घर ही इतकी उचलून ठेवण्याजोगी वस्तू असेल, तर तिचं ऋण आमच्याच मानेवर का? पुढच्या वर्षी २१ मे २०१७ ला हैदराबादला अंतिम सामना झाला तो मुंबई आणि पुणे यांच्यातच. मुंबई १२९, पुणे १२८. त्या एका धावेच्या रात्री बीडच्या पोरानं कोणत्या बाजूनं ओरडायचं होतं, याचं उत्तर जन्मदाखल्यात सापडत नाही. त्यानंतर पुण्याचा संघ बंद झाला. २०१८ मध्ये कावेरीच्या वादामुळे चेन्नईला सामने होणं अशक्य झालं, तेव्हा पुण्याजवळच्या गहुंज्याचं तेच मैदान चेन्नईचं घर झालं. चेन्नईहून खास रेल्वेगाडी भरून चाहते आले. बाकीच्या खुर्च्यांवर आपलीच माणसं होती, पिवळ्या कपड्यांत.

आता खेळाडूंकडं वळू, कारण मातीचा युक्तिवाद इथं पुरता उलटतो. पिंपरी-चिंचवडचा ऋतुराज गायकवाड चेन्नईचा कर्णधार आहे. ३१ मार्च २०२३ ला अहमदाबादेत हंगामाच्या पहिल्याच सामन्यात तीन बळी घेणारा राजवर्धन हंगरगेकर शेजारच्या जिल्ह्यातला, तुळजापूरचा. तोही चेन्नईकडूनच खेळत होता. बीडच्या पोराला त्या रात्री मराठवाडा पाहायचा असेल तर तो पिवळ्या जर्सीतच दिसत होता. काकांच्या नियमानं चालायचं तर त्याला 'आपल्या' गोलंदाजाविरुद्ध आरडाओरडा करावा लागला असता.

हे आजचंच आहे असंही नाही. बीडला जन्मलेला संजय बांगर भारताकडून कसोटी खेळला, २००२ मध्ये हेडिंग्लीच्या ओलसर, ढगाळ सकाळी सलामीला उभा राहून त्यानं ६८ धावा काढल्या आणि द्रविडबरोबर १७० धावांची भागी केली. पण देशातलं त्याचं क्रिकेट महाराष्ट्राकडून नव्हतं, रेल्वेकडून होतं. रेल्वेनं २००१-०२ आणि २००४-०५ असा दोनदा रणजी करंडक जिंकला, दोन्ही वेळा बांगर त्या संघात होता. गंमत अशी की बीड शहरात प्रवासी गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. रेल्वे बीडला यायच्या कितीतरी आधी बीड रेल्वेत जाऊन बसलं होतं! महाराष्ट्र विरुद्ध रेल्वे असा सामना असताना बीडकरानं कोणाच्या नावानं बोंबलायचं? नियम म्हणतो महाराष्ट्राच्या. मन म्हणतं बांगरच्या. मला मनाचं म्हणणं पटतं.

अविनाश साबळेचंही तसंच. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा मुलगा बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनला राहिला, राजस्थानच्या वाळवंटात राहिला आणि धावायला लागला तो सैन्यातच. २०१८ मध्ये त्यानं गोपाळ सैनींचा ३७ वर्षं जुना स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य मिळवलं. १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदकं प्रत्येक वेळी केनियालाच जात होती, ती साखळी मांडव्याच्या मुलानं तोडली. सुवर्ण जिंकणारा किबिवोट त्याच्यापुढं सेकंदाच्या शंभरातल्या पाच भागांनी होता. हाच साबळे देशांतर्गत स्पर्धेत सेनादलाच्या बनियनवर धावतो. घरच्या संघाचा कायदा काटेकोर लावला तर बीडकरानं महाराष्ट्राच्या धावपटूला टाळ्या द्यायच्या आणि साबळे मागं पडावा म्हणून देव पाण्यात ठेवायचे. इतका खुळा माणूस जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही.

जिंकणाऱ्याच्या दारात जाणारे चाहते असतात, हा आरोप मला मान्य आहे. मुंबईनं पाच वेळा विजेतेपद मिळवल्यावर निळ्या जर्सी वाढल्याच असतील की! पण याचा जन्मगावाशी संबंध काय? निवडलेल्या संघाशी माणूस किती टिकून राहतो, हे बंगळुरूच्या चाहत्यांनी दाखवलं. त्यांनी १८ हंगाम टोमणे खाल्ले, तेव्हा ३ जून २०२५ ला करंडक हाती आला. त्यात बीडचेही होते. ज्याच्यासाठी ते थांबले तो कोहली दिल्लीचा, आणि पहिल्या हंगामापासून एकाच संघात. हरणाऱ्याबरोबर थांबणं हाच निष्ठेचा पुरावा असेल, तर लाल जर्सीवाला पोरगा टपरीवरच्या सगळ्यांना पुरून उरतो.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तोच वजनदार आहे : घरच्यांनी साथ दिली नाही तर गावचा संघ मरेल. यावर उत्तर देण्याआधी कोल्हापूरला जाऊन यावं. तिथं फुटबॉलमध्ये पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ असे पेठांचे संघ आहेत. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठच्या पेठ लोटते. कधी कधी हातघाईवरही येते, ते काही कौतुकाचं नाही. पण तिथं कोणी कोणाला घरच्या संघाचं कर्तव्य शिकवत नाही. गोल वाचवणारा पोरगा शेजारच्या बोळातला असतो, त्याची आई भाजी मंडईत भेटते, संघासाठी वर्गणी आपणच दिलेली असते. संघ खरोखर गावाचा असेल तिथं कर्तव्याचं प्रवचन लागत नाही, आणि जिथं ते प्रवचन सुरू होतं तिथं गल्ला दुसऱ्याच कोणाचा असतो. इंग्लंडमधल्या विम्बल्डनच्या फुटबॉल क्लबला मालकांनी उचलून दूर मिल्टन कीन्सला न्यायचं ठरवलं, तेव्हा चाहते त्याच्यामागं गेले नाहीत. त्यांनी २००२ मध्ये आपला नवा क्लब काढला आणि खूप खालच्या साखळीपासून खेळायला सुरुवात केली. फिर्यादी म्हणतील, बघा, गावाची ओढ! ओढ होतीच. पण तिच्यापोटीच त्यांनी जुन्या संघाला सोडलं. देणं दोन्ही बाजूंनी असतं आणि एकानं मोडलं की दुसरा मोकळा होतो, हे त्यांना कोणी शिकवायला लागलं नाही.

माझी बाजू इथून सुरू होते. बीडकर खेळाच्या बाबतीत देणं लागतो, पण ते जर्सीच्या रंगाचं नाही, पोरांना मैदान देण्याचं आहे. बीडच्याच सचिन धसचं उदाहरण घ्या. ६ फेब्रुवारी २०२४, बेनोनी, १९ वर्षांखालील विश्वचषकाची उपांत्य फेरी. २४५ धावांचा पाठलाग करताना भारताचे ३२ धावांत चार गडी बाद झालेले. तिथून धसनं ९६ धावा काढल्या, उदय सहारनबरोबर १७१ धावा जोडल्या आणि सामना फिरवला. त्यानंतर बीडमध्ये 'आमचा सचिन' म्हणणाऱ्यांना तोटा राहिला नाही. त्याच दिवसांत वर्तमानपत्रांतून हेही छापून आलं, की हा पोरगा ज्या खेळपट्ट्यांवर शिकला त्या पूर्ण टर्फच्यासुद्धा नव्हत्या, अर्ध्याच होत्या. पदकानंतर 'आमचा' म्हणायला काही पडत नाही. पाटोद्याच्या पैलवान राहुल आवारेनं २०१८ ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि २०१९ ला जागतिक स्पर्धेत कांस्य आणलं. पण घडण्यासाठी त्याला पुण्याच्या तालमीत जावं लागलं. बांगर, साबळे, आवारे ही सगळी नावं आपण भाषणात घेतो, आणि तिन्ही माणसं बीडच्या बाहेर पडल्यावर मोठी झाली हे भाषणात येत नाही. ज्या गावानं धड मैदान दिलं नाही त्यानं पोरांकडं निष्ठेची वसुली मागू नये.

आणखी एक सांगतो, ते टपरीवर बोललं जात नाही. बीडमध्ये 'आपला' हा शब्द आता जपून वापरायला हवा. आपला म्हणजे कोणता, हे इथं आडनाव ऐकून ठरतं. २०२५ मध्ये जिल्ह्याच्या पोलिसांना टेबलावरच्या पाट्यांवरून आडनावं काढून नुसती नावं ठेवावी लागली, इतकी वेळ आली होती. जन्मानं जो आपला, तो कसाही असो, त्याच्या मागं उभं राहायचं हा धडा आम्ही राजकारणात पाठ केला आणि त्याची किंमत मोजतो आहोत. तोच धडा मैदानावर पुन्हा गिरवायचा? मैदान ही एक जागा अजून उरली आहे जिथं माणसाला त्याच्या खेळावरून टाळी मिळते.

आमच्या जत्रांतल्या कुस्तीच्या फडाला ही रीत जुनी माहीत आहे. हलगी कडाडते, पुकारणारा पैलवानाचं गाव आणि तालीम मोठ्यानं सांगतो, लोक आपल्या बाजूच्या पैलवानासाठी घसा फोडतात. पण परगावच्यानं देखणा डाव टाकून आपल्याच पैलवानाला चितपट केलं, तर त्याच फडातला म्हातारा धोतर सावरत उठतो आणि कनवटीची नोट त्या परक्याच्या हातात देतो. त्याला कोणी गद्दार म्हणत नाही.

ऊसतोड्यांच्या पोरांना तर हा घरच्या संघाचा प्रश्न विचारूच नये. दिवाळी झाली की जिल्ह्यातली हजारो कुटुंबं कोयते बांधून सांगली, कोल्हापूर, सातारा, कर्नाटकाच्या फडांवर जातात आणि गुढीपाडव्याच्या मागंपुढं परततात. शाळांच्या क्रीडा स्पर्धा रंगात येतात तेव्हा यातली कित्येक पोरं गावात नसतात, कोपीपुढच्या मोकळ्या रानात उसाच्या टिपऱ्यांचे स्टंप करून खेळत असतात. त्यातलं एखादं कोल्हापूरच्या पैलवानाचं नाहीतर बंगळुरूच्या संघाचं वेड घेऊन परत आलं तर त्याला घरच्या संघाची आठवण कोण देणार? देणाऱ्यानं आधी घर कोणतं ते सांगावं, दिवाळीनंतरचं की पाडव्यानंतरचं.