राजीनामा आणि कबुलायत

'राजीनामा' हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्याच्या पोटात 'राजी' बसला आहे याकडे आपले लक्ष जात नाही. मूळ फारसी अर्थाने हा राजी असल्याचा लेख, म्हणजे संमतिपत्र. मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीत हा शब्द आणखी एका शब्दाच्या जोडीने वावरत असे. जमीन सोडणारा खातेदार सरकारात 'राजीनामा' देई आणि ती जमीन घेणारा 'कबुलायत' लिहून देई. एकाने सोडले आणि दुसऱ्याने स्वीकारले, असे दोन्ही कागद दफ्तरात दाखल झाले म्हणजे व्यवहार पुरा होत असे. पुढे राजकारणाने या जोडीतला पहिला शब्द उचलला. दुसरा महसुली दफ्तरातच राहून गेला.

लोकप्रतिनिधीच्या राजीनाम्याची चर्चा आपल्याकडे अर्ध्यावरच थांबते ती यामुळे, असे आम्हांस वाटते. राजीनामा कोणी दिला, का दिला, कोणाच्या सांगण्यावरून दिला, यावर रकानेच्या रकाने लिहिले जातात. जागा रिकामी झाल्यावर मतदाराने जी कबुलायत लिहून द्यायची, तिचे नाव पोटनिवडणूक. शब्दच पाहा. पोटकलम, पोटजात, पोटभाडेकरू यांच्या पंक्तीत आपण तिला बसवले, म्हणजे नावापासूनच तिला दुय्यम ठरवले. वस्तुतः सार्वत्रिक निवडणुकीत एखाद्या मतदारसंघाचे उत्तर राज्याच्या वा देशाच्या लाटेत मिसळून जाते. पोटनिवडणुकीत मात्र त्या एका मतदारसंघाला एकट्याला उभे करून प्रश्न विचारला जातो. मग तो प्रश्न विचारलाच गेला नाही, तर काय होते? कृष्णाकाठच्या दोन शेजाऱ्यांची उदाहरणे आम्ही यासाठी समोर ठेवत आहोत.

पहिले उदाहरण साताऱ्याचे. मे २०१९ मध्ये उदयनराजे भोसले राष्ट्रवादी काँग्रेसच्या चिन्हावर सव्वा लाखांहून अधिक मताधिक्याने लोकसभेवर निवडून आले. सप्टेंबरमध्ये त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला आणि भारतीय जनता पक्षात प्रवेश केला. विधानसभेच्या मतदानाबरोबरच, २१ ऑक्टोबरला, पोटनिवडणूक झाली. तीत श्रीनिवास पाटील यांनी त्यांचा सुमारे ८७ हजार मतांनी पराभव केला. १८ ऑक्टोबरच्या सभेत शरद पवार पावसात भिजत बोलले, ते छायाचित्र महाराष्ट्राच्या स्मरणात राहिले आणि निकालाचा अर्थही लोकांनी त्या छायाचित्रावरूनच लावला. आम्हांस तो अर्थ अपुरा वाटतो. त्याच दिवशी सातारा विधानसभा मतदारसंघात शिवेंद्रसिंहराजे भोसले भाजपच्या चिन्हावर विजयी झाले. तेही काही महिन्यांपूर्वीच राष्ट्रवादीतून भाजपमध्ये गेलेले होते. म्हणजे पक्ष सोडणाऱ्यास शिक्षा करावी, असा सरसकट निवाडा मतदाराने दिला नव्हता. दोन यंत्रांसमोर उभ्या राहिलेल्या मतदाराने दोन प्रश्न वेगवेगळे वाचले. साहित्याचा विद्यार्थी ज्याला काळजीपूर्वक वाचन म्हणतो, ते याहून फारसे निराळे नसते.

पुढे २०२४ मध्ये त्याच साताऱ्याने उदयनराजेंना भाजपचे खासदार म्हणून लोकसभेत पाठवले. पाच वर्षांपूर्वीचे उत्तर चुकले होते, असा याचा अर्थ नाही. कबुलायत एकदाच लिहून कायमची बांधून टाकायची नसते. ती पुन्हा मागावी लागते आणि पुन्हा द्यावी लागते, एवढेच यातून दिसते.

आता जिल्ह्याची हद्द ओलांडून पलूसला येऊ. ही हद्द फार जुनी नाही. १९६० पर्यंत या जिल्ह्याचे नावच 'दक्षिण सातारा' होते. ज्या किर्लोस्करवाडीतून 'किर्लोस्कर' मासिक निघाले ती पलूस तालुक्यातली. प्रतिसरकारचे एक प्रमुख केंद्र असलेले कुंडलही याच तालुक्यातले. परक्या सरकारला कबुलायत नाकारून ज्या मुलखाने स्वतःची न्यायदान मंडळे चालवली, त्या मुलखाला 'संमती' या शब्दाचे मोल आम्ही समजावून सांगण्याची गरज नाही.

९ मार्च २०१८ रोजी पलूस-कडेगावचे आमदार पतंगराव कदम यांचे निधन झाले. येथे राजीनामा नव्हता, मृत्यू होता. जागा रिकामी झाली हे मात्र तेवढेच खरे. पोटनिवडणुकीसाठी २८ मे ही मतदानाची तारीख ठरली. काँग्रेसतर्फे त्यांचे पुत्र विश्वजित कदम आणि भाजपतर्फे संग्रामसिंह देशमुख यांचे अर्ज दाखल झाले. शिवसेनेने काँग्रेसला पाठिंबा दिला. अर्ज मागे घेण्याच्या अखेरच्या दिवशी भाजपच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला, इतरांनीही घेतले आणि निवडणूक बिनविरोध झाली. त्याच २८ मे रोजी, नाना पटोले यांच्या राजीनाम्यामुळे रिकाम्या झालेल्या भंडारा-गोंदिया मतदारसंघात लोक उन्हात रांगा लावून उभे होते. पलूसला रांगेत उभे राहण्याचे कारणच उरले नव्हते.

'निवडणूक बिनविरोध झाली' या वाक्याचे व्याकरण तपासण्यासारखे आहे. यात कर्ता कोण? निवडणूक. ती आपोआप 'झाली'. अर्ज कोणी मागे घेतले, कोणाच्या सांगण्यावरून घेतले, बैठक कोठे बसली, हे काहीच या वाक्यात येत नाही. 'विरोध' नव्हता, असे ते सांगते. प्रत्यक्षात विरोध मोजलाच गेला नव्हता. न मोजलेल्या गोष्टीला शून्य म्हणणे गणितात चालत नाही. राजकारणात ते चालते आणि तेथे त्यास 'एकमत' म्हणतात.

यावर एक आक्षेप आम्ही गृहीत धरतो आणि तो हलकाही मानत नाही. शोकाच्या घरात भांडण करू नये, हा आपल्या समाजाचा संकेत आहे. भिलवडी-वांगीपासून पुढे पलूस-कडेगावपर्यंत ज्या नेत्याने या भागाचे दीर्घकाळ प्रतिनिधित्व केले, त्याच्या मागे घराण्यास बिनविरोध जागा द्यावी, असे अनेकांना मनापासून वाटले असेल. परंतु सहानुभूती हीही एक भावना आहे आणि ती व्यक्त करण्याचा अधिकार मतदाराचा आहे. शेजारच्या तासगाव-कवठेमहांकाळचे उदाहरण घ्या. आर. आर. पाटील यांच्या निधनानंतर एप्रिल २०१५ मध्ये तेथे पोटनिवडणूक झाली. मोठ्या पक्षांनी सुमनताई पाटील यांच्याविरुद्ध उमेदवार दिले नाहीत; पण अपक्ष उभे राहिले, म्हणून मतदान झाले. सुमनताई एक लाखाहून अधिक मतांनी विजयी झाल्या. तेथील सहानुभूती मोजली गेली, ती लोकांनी स्वतः केंद्रावर जाऊन दिली. पलूसमधली सहानुभूती मात्र लोकांच्या वतीने परस्पर जाहीर करण्यात आली. पहिलीत मतदार दाता आहे. दुसरीत तो कार्यक्रमाच्या पत्रिकेवर 'समस्त ग्रामस्थ' म्हणून छापलेले नाव आहे.

मतदार हे विसरला नसावा, असे मानण्यास जागा आहे. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, कृष्णेला महापूर आला. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे नाव उलटून पूरग्रस्त माणसे बुडाली. अशा आपत्तीनंतर होणाऱ्या निवडणुकीत धरणांचे पाणी, बोटी, पुनर्वसन यांवर दोन तुल्यबळ उमेदवारांनी एकमेकांना धारेवर धरावे, ही अपेक्षा रास्त होती. झाले असे की युतीच्या वाटणीत जागा शिवसेनेकडे गेली आणि ज्या देशमुख गटाची येथे ताकद होती त्यास उमेदवारी उरली नाही. निकालात विश्वजित कदम यांना १,७१,४९७ मते मिळाली. दुसऱ्या क्रमांकावर 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय होता. त्यास २०,६३१ मते पडली. शिवसेनेच्या उमेदवारास ८,९७६.

या वीस हजारांचे वाचन कसे करावे? यांना निर्मळ लोकशाहीचा हुंकार म्हणून गौरवण्याचा मोह आम्ही आवरतो. उमेदवारी न मिळालेल्या गटाची नाराजी त्यात होती, हे मतदारसंघाची मांडणीच सांगते. कोणाच्या बोटामागे कोणता हेतू होता, हे यंत्र सांगत नाही. तरीही एक गोष्ट निर्विवाद आहे. हे लोक घरी बसले नाहीत. केंद्रावर गेले, बोटाला शाई लावून घेतली आणि 'आम्ही राजी नाही' एवढेच नोंदवून परत आले. राजीनामा या शब्दातला 'राजी' येथे उलटा होऊन मतदाराच्या हाती आला. त्यांच्या उत्तराला कोणताही उमेदवार नव्हता, म्हणून ते उत्तर कोणाचेच विजयपत्र झाले नाही.

त्यानंतरचा पुरावा अधिक बोलका आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये विश्वजित कदम आणि संग्रामसिंह देशमुख हेच दोघे अखेर समोरासमोर आले. कदम विजयी झाले. मताधिक्य सुमारे ३० हजारांचे होते आणि देशमुखांना एक लाखाच्या आसपास मते पडली. सहा वर्षांच्या अंतराने आलेले हे आकडे मागे नेऊन २०१८ वर लादता येणार नाहीत. पण ज्या मतदारसंघात 'विरोध नव्हता' असे नोंदले गेले, तेथे विचारल्यावर लाखभर लोकांनी वेगळे उत्तर दिले, हे तर दिसतेच. शिवाय विजयी उमेदवाराचाही त्यात लाभच झाला. बिनविरोध मिळालेल्या जागेपेक्षा लढून मिळालेली जागा अधिक त्याची स्वतःची असते.

हा प्रश्न पलूसपुरता नाही. २०२२ मध्ये अंधेरी पूर्वच्या पोटनिवडणुकीत भाजपने उमेदवार मागे घेतला. ऋतुजा लटके विजयी झाल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर १२,८०६ मतांसह पुन्हा 'कोणीही नाही' हाच पर्याय आला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हा पर्याय मतदाराला दिला. पण लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ५३व्या कलमानुसार उमेदवार एकच उरला की मतदानच होत नाही, म्हणून नकाराचा हा अधिकार नेमका तेथे निरुपयोगी ठरतो जेथे त्याची गरज सर्वांत अधिक असते. राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांपुरते 'कोणीही नाही' या पर्यायास काल्पनिक उमेदवार मानून, त्यास सर्वाधिक मते पडल्यास फेरनिवडणुकीची तरतूद केली. विधानसभेला आणि लोकसभेला ती लागू नाही.

न विचारण्याची आणखी एक रीत आहे. ती म्हणजे विलंब. मार्च २०२३ मध्ये खासदार गिरीश बापट यांच्या निधनानंतर पुण्याची जागा वर्षभराहून अधिक काळ रिकामी राहिली. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये निवडणूक घेण्याचा आदेश दिला, पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली आणि पोटनिवडणूक झालीच नाही. आयर्लंडमध्ये असाच प्रश्न २०१० मध्ये उभा राहिला होता. डॉनेगल साउथ-वेस्टचे प्रतिनिधी जून २००९ मध्ये युरोपीय संसदेवर निवडून गेले आणि जागा रिकामी झाली. सरकार निवडणूक लांबवत राहिले. पिअर्स डोहर्टी हे न्यायालयात गेले. हा विलंब अवाजवी आहे, असा निर्णय झाला, नोव्हेंबर २०१० मध्ये मतदान झाले आणि डोहर्टीच निवडून आले. पुढच्या वर्षी तेथे सहा महिन्यांची मर्यादा घालणारा कायदा झाला. आपल्याकडे सहा महिन्यांची तरतूद आधीपासूनच आहे. तरतुदीतल्या अपवादांना मात्र आपण फार लवकर राजी होतो.

राजीनाम्याला आपण सहसा संधिसाधूपणाचे दुसरे नाव समजतो आणि पुष्कळदा ते तसे असतेही. तरी एक श्रेय त्यास द्यावेच लागेल. २०२२ आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रातील दोन पक्ष फुटले, आमदारांनी बाजू बदलल्या, सत्ता बदलली; पण राजीनामे देऊन पुन्हा लोकांसमोर जाण्याची वाट कोणी धरली नाही. मतदाराला बोलण्यासाठी २०२४ ची वाट पाहावी लागली. त्या मानाने २०१९ चा साताऱ्याचा राजीनामा, त्यामागचे हेतू काहीही असोत, मतदाराचे उत्तर ऐकण्यास बांधील होता.

आमची मागणी साधी आहे. उमेदवार एकच उरला तरी मतदान व्हावे. यंत्रावर दोन कळा असाव्यात, एक त्याच्या नावाची आणि दुसरी नकाराची. शोक असेल तर शोक मोजला जाईल, नाराजी असेल तर नाराजी. खर्चाचा मुद्दा काढला जाईल; त्यावर आम्ही एवढेच म्हणू की कबुलायतीचा कागदही फुकट मिळत नसे.

'मौन ही संमती' असे आपल्याकडे म्हणतात. साहित्य शिकणारा आणि शिकवणारा माणूस या म्हणीपुढे तरी थबकला पाहिजे, कारण पात्राचे मौन आणि पात्राची संमती यांतले अंतर ओळखणे हे आपण वर्गात रोजच शिकवतो. मे २०१८ मध्ये पलूस गप्प होते. ते राजी होते किंवा नव्हते, हे सांगणारा कागद कोणत्याही दफ्तरात नाही.