'नूब' आहात? मग सांगून टाका!

'नूब' ही शिवी आहे, हे आपल्या पिढीला बॅटल रॉयालनं शिकवलं. आधी पबजी, २०२० मध्ये त्यावर बंदी आल्यावर फ्री फायर, मग २०२१ पासून बीजीएमआय. स्क्वॉडमधला एक जण उतरल्या उतरल्या मेला की बाकीचे तिघं माइकवर त्याचा जो उद्धार करतात, तो पालघर-बोईसरच्या कुठल्याही कॉलेज कट्ट्यावर ऐकायला मिळेल. त्यामुळे आपण एक गोष्ट पक्की शिकलो. आपल्याला येत नाही, हे कुणाला कळू द्यायचं नाही.

हीच सवय घेऊन आता बरेच जण एमएमओआरपीजीकडे वळताहेत. नाव लांबलचक आहे, आपण नुसतं एमएमओ म्हणू. हजारो माणसं एकाच वेळी एकाच जगात आपापलं पात्र घेऊन वावरतात, लढतात, मासे पकडतात, बाजार करतात. तुम्ही लॉग आउट केलं तरी ते जग चालूच असतं. बीजीएमआयचा खेळाडू इथे येतो, मॅप बघून गांगरतो, कुणाला काही विचारत नाही, यूट्यूबवरचा 'फास्टेस्ट लेव्हलिंग'चा व्हिडिओ लावतो आणि चौथ्या दिवशी 'बोअर आहे यार' म्हणून गेम डिलीट करतो. माझं म्हणणं असं, की त्याला गेम आवडला नाही असं नाहीच. तो गेम त्यानं खेळलाच नाही. एमएमओमध्ये नवखेपण लपवलं की खेळातली अर्धी मजा तिथेच संपते.

बोईसरहून लोकलनं अप-डाऊन करणाऱ्यांना हे पटकन कळेल. पहिल्या आठवड्यात तुम्ही दारापाशी उभे असता. कोण कुठे चढतं, कुठली सीट कुणाची, काहीच ठाऊक नसतं. मग एक दिवस धीर करून विचारता, 'काका, कुठे उतरणार?' त्या एका प्रश्नानं काम सुरू होतं. महिनाभरात तुमची बॅग कुणीतरी वर ठेवतं, दोन दिवस दिसला नाहीत तर 'काय रे, बरं नव्हतं का?' म्हणून चौकशी होते. एमएमओमध्ये या ग्रुपला गिल्ड म्हणतात. फरक एवढाच की तिथे कुणी सकाळी सकाळी भजन लावत नाही.

आणि ही माझी भाबडी समजूत नाही, गेम बनवणाऱ्यांनीच तशी सोय केलेली असते. 'फायनल फँटसी फोर्टीन'मध्ये नवीन खेळाडूच्या नावापुढे एक छोटंसं हिरवं रोपटं दिसतं. हा नवा आहे, हे सगळ्यांना कळावं म्हणून. एखाद्या डंजनमध्ये, म्हणजे चार जणांनी मिळून पार करायच्या मोहिमेत, कुणी पहिल्यांदा आलेला असेल तर ती पार पडल्यावर सगळ्यांना जास्तीचं बक्षीस मिळतं. जुन्या मोहिमांमध्ये जुन्या खेळाडूंनी परत यावं म्हणून रोजचं वेगळं बक्षीसही आहे. म्हणजे तुमच्या नवखेपणात समोरच्याचा फायदा आहे. त्यामुळे पहिल्या डंजनच्या दारात चॅटमध्ये फक्त एवढं टाइप करा : 'हाय, फर्स्ट टाइम हिअर.' पुढचा माणूस बहुतेक वेळा थांबतो, सांगतो, कुठे उभं राहायचं ते दाखवतो. एखादा खडूस निघतोच, तो कुठे नसतो?

इंग्रजीचं टेन्शन असेल तर ते सोडा. समोरचा जपानी, फिलिपिनो किंवा पोलिश असण्याची शक्यता बरीच असते आणि त्याचंही इंग्रजी तुमच्याआमच्यासारखंच असतं. व्याकरण कुणी तपासत नाही. मराठी मीडियममधून आलेल्या, वर्गात हात वर करायला कचरणाऱ्या मुलाला अनोळखी माणसाशी इंग्रजीत बोलायची इतकी बिनधास्त जागा मला दुसरी माहीत नाही.

या खेळांचा जन्मच काहीसा असा आहे. १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी 'मड' नावाचा खेळ लिहायला घेतला. चित्रं नाहीत, नुसता मजकूर. पण एकाच जगात अनेक जण एकत्र. माणसाच्या जन्मानं त्याची किंमत ठरते त्या समाजाला हे आमचं उत्तर होतं, अशा अर्थाचं बार्टल यांनी नंतर सांगितलं आहे. बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत अर्ध्या देशातून माणसं आली आहेत. पहिल्या भेटीत 'गाव कुठलं?' आणि आडनाव हे दोन प्रश्न ठरलेले. गेममध्ये पहिला प्रश्न 'तू टँक की हीलर?' असतो. मला तो जास्त आवडतो.

आता कामाचं. कुठला गेम?

आधी स्वतःचं मशिन आणि नेट बघा. 'फायनल फँटसी'ला ग्राफिक्स कार्ड असलेला कॉम्प्युटर लागतो आणि डिस्कवर शंभर जीबीच्या वर जागा. रोज दोन जीबीचा पॅक मारून हॉटस्पॉटवर डाउनलोड करणार असाल तर नुसतं डाउनलोडलाच पन्नास दिवस जातील. घरात फायबर असेल तरच या वाटेला जा. गेमचा मोठा भाग फ्री ट्रायलमध्ये मुदतीशिवाय खेळता येतो. फक्त ट्रायलवाल्याला गिल्डमध्ये जाता येत नाही आणि खेळाडूंचा बाजारही वापरता येत नाही.

साधा लॅपटॉप किंवा फोनच असेल तर माझं मत सरळ 'ओल्ड स्कूल रूनस्केप'ला. २००७ सालचा जुना गेम २०१३ मध्ये पुन्हा सुरू केलाय, त्यामुळे दिसायला ओबडधोबड आहे. मित्र बघून हसतील. पण डाउनलोड लहान आहे, मोबाइलवरही तेच खातं चालतं आणि बराच भाग फुकट आहे. सुरुवातीच्या बेटावर तुम्हाला झाड तोडून जाळ करायला, जाळं टाकून कोळंबी पकडायला आणि ती भाजायला शिकवतात. पहिली कोळंबी करपू शकते. सातपाटीच्या मुलांनी हसू नये. पुढे एका आचाऱ्याला केकसाठी अंडं, दूध आणि पीठ आणून द्यायचं काम मिळतं. ते पीठही तुम्हीच गिरणीत दळायचं. कुणी तुमच्यावर गोळ्या झाडत नाही. हा संथपणा ज्याला झेपतो त्यालाच एमएमओ झेपेल, एवढं दोन तासांत कळतं.

या गेमची आपल्याकडे आणखी एक सोय आहे. पिंग म्हणजे तुमचा संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. बीजीएमआयमध्ये पिंग वाढलं की तुम्ही मेलात. रूनस्केपचं जग मात्र दर ०.६ सेकंदाला एकदाच हलतं. तुमचं पिंग २०० मिलिसेकंद असलं तरी साध्या खेळात ते फारसं जाणवत नाही. 'फायनल फँटसी'तही मुख्य वार साधारण अडीच सेकंदांनी एक, असा ताल असतो. रेंज लपंडाव खेळते अशा ठिकाणी राहणाऱ्यांनी गेम निवडताना ग्राफिक्सच्या आधी हे बघावं.

'अल्बियन ऑनलाइन' फोनवर मस्त चालतो आणि त्याचा आशियाई सर्व्हरही आहे. पण पहिला गेम म्हणून मी तो सुचवणार नाही. निळ्या-पिवळ्या भागात तुम्ही ठीक असता. लाल-काळ्या भागात कुणी मारलं की अंगावरचं सगळं सामान त्याचं. तीन आठवड्यांची कमाई तीन मिनिटांत जाते आणि आपण पुन्हा त्याच जुन्या, कुणावर विश्वास न ठेवण्याच्या मोडमध्ये जातो.

फसवणूक मात्र सगळीकडे आहे. रूनस्केपमधल्या चौकात 'पैसे द्या, दुप्पट करून देतो' म्हणणारे उभे असतात, 'चिलखताला सोन्याची किनार लावून देतो, जरा माझ्याकडे दे' म्हणणारे तर दंतकथाच झालेत. एकदा फसाल. जातील ती खोटी नाणी. यूपीआयवर कुणी असं गंडवण्याआधी इथे गंडलेलं परवडतं. खातं विकत घेऊ नका, खऱ्या पैशांनी गेममधलं सोनं घेऊ नका. ते नियमाबाहेर आहे आणि खातं बॅन होतं.

खऱ्या पैशांबद्दल थोडं स्पष्ट बोलू. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर आहे. महिन्याची वर्गणी भरून एमएमओ खेळणं ही वेगळी गोष्ट. पण 'गेनशिन इम्पॅक्ट'सारख्या गेममध्ये, जो चार जणांत मिळून खेळता येतो, नवीन पात्र लॉटरीसारखं काढायचं असतं. पाच तारे असलेलं काही तरी नक्की मिळायला नव्वद वेळा ओढावं लागू शकतं आणि तेही हवं तेच पात्र असेल याची खात्री नाही. फुकटात मिळणाऱ्या ओढींवर खुशाल खेळा. माझा स्वतःपुरता नियम असा की पहिले तीन महिने कुठल्याही गेममध्ये एक रुपया टाकायचा नाही. तोवर तो गेम आपल्याला खरंच आवडतो का, ते कळलेलं असतं.

मुलींसाठी एक सूचना, ती द्यावी लागते याचा राग येतो तरी. आवाजावरून त्रास देणारे भेटतात. व्हॉइस चॅटची सक्ती कुणी करत असेल तर ती गिल्ड सोडा. टाइप करून सगळं होतं. ब्लॉक आणि रिपोर्टचं बटण कुठे आहे ते पहिल्याच दिवशी शोधून ठेवा.

गिल्डमध्ये शिरण्याआधी विचारायचा प्रश्न एकच : 'तुम्ही किती वाजता खेळता?' युरोपातले रात्रीचे आठ म्हणजे हिवाळ्यात आपले साडेबारा. पहाटेची गाडी पकडणाऱ्याचं हे काम नाही. सिंगापूरचे आठ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच, तेव्हा तुम्ही अजून विरारच्या गर्दीत लटकत असता. घरात बाबा किंवा भाऊ थर्ड शिफ्टला असेल तर दिवसा झोपलेल्या माणसाच्या शेजारी बसून कीबोर्ड बडवायचा नाही, हेही आलंच. म्हणून आठवड्यातून दोनच दिवस जमेल, असं आधी सांगून टाका. चांगल्या गिल्डला ते चालतं. ज्यांना चालत नाही त्यांना नोकर हवाय.

आणि लाईट गेली तर? आपल्याकडे ती जाणारच. डंजनच्या मध्यात तुम्ही अचानक गायब झालात की उरलेले तिघं अडकून पडतात. फोनवर डिस्कॉर्ड ठेवा, मोबाइल डेटावरून 'पॉवर गॉन, सॉरी' एवढं टाका. दहा मिनिटं वाट बघणारे निघाले तर त्या लोकांचं नाव लिहून ठेवा, पुढच्या वेळी त्यांच्याबरोबरच खेळा.