गोळी घरी थांबवू नका



रक्तकर्करोग झालेल्या मुलाच्या पांढऱ्या पेशी घटल्या, तर ६-मर्कॅप्टोप्युरिनची गोळी घरीच थांबवावी, असे गोवंडीच्या एका वाचकाने मागील अंकात सुचवले. हा सल्ला जिवावर बेतू शकतो.

पेशी काही प्रमाणात घटणे अपेक्षितच असते. तपासणी पाहून डॉक्टर मात्रा कमी-जास्त करतात. गोळ्या वारंवार चुकल्या, तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. काही भारतीयांना मात्र एनयूडीटी१५ जनुकातील बदलामुळे नेहमीची मात्रा झेपत नाही. युरिक अ‍ॅसिडवरचे अ‍ॅलोप्युरिनॉल सोबत दिले, तर ती पाव ते एक तृतीयांशावर आणावी लागते.

पेशी घटलेल्या असू शकतात, म्हणून ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, की सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

५० मिलिग्रॅमची गोळी कुटून बाळाला द्यावी, हेही त्या पत्रात आहे. त्यात मात्रा चुकते आणि भुकटी आईच्या हाताला लागते. ती गरोदर असेल तर धोका अधिकच. टाटा मेमोरियलच्या खारघरमधील अ‍ॅक्ट्रेकने बंगळुरूच्या आयडीआरएस लॅब्जसोबत तयार केलेले 'प्रीव्हॉल' हे पातळ औषध २०२५मध्ये आले. ते सिरिंजने मोजून देता येते. मुलाच्या डॉक्टरांकडे त्याची चौकशी जरूर करावी.