तबेल्याला ठाऊक असलेला घोडा

निकाल लागले आणि मुख्यमंत्री ठरायचा राहिला, की आपल्या वाहिन्यांवर शर्यत सुरू होते. चर्चेतली चार नावं सांगून झाली की निवेदक आवाज खाली आणतो आणि पाचवं नाव घेतो : ‘हे डार्क हॉर्स ठरू शकतात.’ ज्याचं नाव सकाळपासून पडद्याखालच्या पट्टीवर फिरतंय, तो कसला डार्क हॉर्स?

या घोड्याच्या रंगाशी कुणाला देणंघेणं नाही. इंग्लंडच्या शर्यतींत ज्याचा दम पैसे लावणाऱ्यांना माहीत नाही, तो ‘डार्क’. पुढे पंतप्रधान झालेल्या बेंजामिन डिझरेलींच्या ‘द यंग ड्यूक’ या १८३१च्या कादंबरीत असा घोडा आहे. नावाजलेले घोडे मागे पडतात आणि कुणाच्या ध्यानीमनी नसलेला बाजी मारतो. आता ध्यानीमनी नसतं ते प्रेक्षकांच्या. रोज पहाटे त्याला पळवणाऱ्याला, त्याच्या मालकाला, त्याचा दम पुरता ठाऊक असतो. गवगवा झाला की भाव उतरतो. म्हणून तर तोंड मिटून बसायचं.

राजकारणात हे बिरुद ज्याला कायमचं चिकटलं, त्या जेम्स पोल्कचंच बघा. मे १८४४, अमेरिकेतलं बाल्टिमोर, अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला भरलेलं डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन. पहिल्या फेरीत माजी अध्यक्ष व्हॅन ब्यूरन यांना निम्म्याहून जास्त मतं, पण नियम दोनतृतीयांशचा. सात फेऱ्या झाल्या, पोल्कच्या नावावर एकही मत नाही. आठव्या फेरीत ४४. नवव्या फेरीत एकमतानं उमेदवारी! विरोधी व्हिग पक्षानं ‘कोण हा पोल्क?’ म्हणून टर उडवली. हा ‘कोण’ प्रतिनिधिगृहाचा चार वर्षं सभापती होता, टेनेसीचा गव्हर्नर होता. गव्हर्नरपदाच्या पुढच्या दोन निवडणुका ओळीनं हरला होता, एवढंच.

आणि हे सगळं आयत्या वेळी घडलं म्हणावं, तर अधिवेशनाच्या दोन आठवडे आधीच पक्षाचे म्हातारे सेनापती अँड्र्यू जॅक्सन यांनी पोल्कला आपल्या घरी बोलावून घेतलं होतं. टेक्सास अमेरिकेत लगेच सामील करून घ्यायला व्हॅन ब्यूरननी जाहीर विरोध केला होता, तो जॅक्सनना खपला नव्हता. आता उमेदवार तू, असं त्यांनी पोल्कच्या कानावर घातलं. पोल्क तोवर उपाध्यक्षपदाची आस लावून बसला होता. तेव्हा सात फेऱ्यांतल्या त्या शून्यांनंतरचा निकाल पाहून चकित झाले ते सभागृहात बसलेले बहुतेक प्रतिनिधी; टेनेसीतल्या त्या घराला चकित व्हायचं कारण नव्हतं.

पोल्क निवडणूक जिंकला. टेक्सास संघराज्यात आलं, पाठोपाठ मेक्सिकोशी युद्धही झालं. बाल्टिमोरमध्ये त्याच्यासाठी प्रतिनिधी वळवणाऱ्यांत जॉर्ज बँक्रॉफ्ट नावाचे एक इतिहासकार होते. १८४५ साली पोल्कच्या मंत्रिमंडळात त्यांना नौदल खातं मिळालं.